दारापुढचा स्पीडब्रेकर

म्हाताऱ्या हाज्जा तफीदाला मोटरसायकलने उडवलं, तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा कुठे शुब्रातल्या आमच्या गल्लीला कंठ फुटला. दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका म्हणाली, आधी फुटपाथ मोकळा करा. चहावाला मुअल्लिम दसूकी लगेच उसळला, "माझ्या खुर्च्या तेवढ्या दिसतात! गाड्या कोण लावतं तिथे?" मग गाडीवाले त्याच्यावर धावले. तासाभराने एकमत झालं: स्पीडब्रेकर हवा. फक्त तो ज्याला त्याला आपल्याच दारापुढे हवा होता.

सगळ्यांत मोठा गळा माझा. तफीदा माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. "आमच्याच दारापुढे!" मी ओरडले आणि जिंकले.

सरकारी अर्ज म्हणजे वरातीमागून घोडं. शुक्रवारी नमाजानंतर पुरुषांनीच विटांचे तुकडे टाकून वर सिमेंट ओतलं. उंची कुणी मोजली नाही. "जितका उंच तितका बरा," असंही मीच म्हणाले.

माझा नवरा शहाता त्या दिवशी भावाकडे गेला होता. सत्तावीस वर्षं तो सायकलवरून रोट्या पोचवतो. डोक्यावर काड्यांची लांब ताटी, तिच्यावर रोट्यांचे थर, एक हात ताटीला, एक हँडलला. ताटी भरलेली असली की सायकलवरून उतरता येत नाही, ती दुसऱ्यांनी उतरवून घ्यावी लागते. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. डोक्यात मोटरसायकल भणभणत होती, त्यात नवऱ्याची सायकल मला आठवलीच नाही.

शनिवारी पहाटे तो भावाकडून परस्पर भट्टीत गेला, ताटी घेऊन निघाला आणि आमच्याच दारापुढे पुढचं चाक उसळलं. रोट्या रस्ताभर. भट्टीवाला उस्ताद फिक्री म्हणाला, "शहाता, पुन्हा असं झालं तर मी मोटरसायकल ठेवीन. तिची मान तरी दुखत नाही."

दुपारी मी छिन्नी-हातोडी घेऊन स्पीडब्रेकरला भिंतीलगत हातभर फट पाडायला बसले.

"काल बांधायचं, आज फोडायचं!" दसूकी मला, वाइलच्या आईला, हसला. "उम्म वाइल, तुझ्या मनात आहे तरी काय?"

"तू आधी खुर्च्या उचल, मग बोल."

फट शहातापुरती होती. दोन दिवसांत गावभरच्या मोटरसायकलींना तिचा पत्ता लागला. भिंतीला घासून, पहिल्यापेक्षा जोरात. आगीतून फुफाट्यात पडलो आम्ही. त्यात तफीदा वॉकर घेऊन दवाखान्यातून परतली. तिला भिंतीचाच आधार.

मंगळवारी एकाने तिचा वॉकर उडवला. मी धावले. ती खिडकीचे गज धरून पांढरीफटक उभी होती. मी त्या पोराच्या सात पिढ्या उद्धरायला लागले.

"ओरडू नको गं," ती म्हणाली. "तुमच्या घरची रोटी जाते तिथून. मीच खाली उतरत नाही आता."

टोमणा असता तर मी परतवला असता. पण ती मनापासून बोलली, आणि मला ते सोसेना. मी जिना चढले, उतरले, पुन्हा चढले. चुलीवरचा भात लागला. शहाता बघत होता.

"सिमेंट उरलंय का?" त्याने विचारलं.

"आणि तुझं काय?"

"गल्लीतली माणसं धरतील की ताटी. चार हात लागतात फक्त."

आम्ही दोघांनी फट बुजवली. पहिल्या पहाटे चौघं खाली आले, ताटी उतरवून पलीकडे नेली, पुन्हा त्याच्या डोक्यावर दिली. शाबासक्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दोघं आले. तिसऱ्या दिवशी मी एकटी. मी हाका मारल्या, वर दोन-तीन खिडक्या लागल्या. शहाता एक पाय टेकून उभा, मान थरथरत होती, आणि माझे हात काही पुरेनात. "सोड," तो म्हणाला. "सोड गं, तुला लागेल." रोट्या पुन्हा रस्ताभर झाल्या.

पुढच्या आठवड्यात फिक्रीची मोटरसायकल आली, मागे रोट्यांची पेटी बांधलेली. आमच्या दारापुढे तिचा वेग कमी झाला. आधी पुढचं चाक, मग मागचं, अलगद. तिच्यासमोरून तफीदा वॉकर टेकत, अजिबात घाई न करता, पलीकडे गेली.

शहाता खिडकीत उभा होता. "चांगला झालाय हं," तो म्हणाला, आणि खरंच त्याला तसं वाटत होतं. मी त्याच्यापुढे चहा ठेवला. सकाळचे सात वाजले होते, आणि त्याला कुठेच जायचं नव्हतं.