लाल सिलिंडरातला कस्टर्ड सोडा

आमच्या भाऊजींना जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं कळतं, आणि ज्यातलं कळत नाही त्यातलं जरा जास्तच कळतं. पोटापाण्यासाठी ते आग विझवायची लाल सिलिंडरं भरतात. दुकानांत, ऑफिसांत, जिन्यांत भिंतीला टांगलेली ती नळकांडी वर्कशॉपमध्ये आणायची, रिकामी करायची, आत नवी पावडर ओतायची, वरून गॅस मारायचा, पिन अडकवायची, सील करायचं आणि तारखेचं लेबल चिकटवायचं. काम जबाबदारीचं आहे आणि ते चोख करतात, हे माझ्यासारख्या तिखट जिभेच्या मेहुणीलाही कबूल करावं लागतं. भानगड एवढीच, की आधी माल, मग गॅस, मग सील, हा क्रम सगळ्या विश्वाला लागू आहे असं त्यांना वाटतं. उशीला अभ्रा घालतानाही ते तो पुटपुटतात. उशीत गॅस नसतो, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. मी तर सांगणारच नाही, कारण मग ते भरतील.

अशा माणसाच्या घरात माझ्या ताईने कस्टर्ड सोडा करायला घेतला.

ताई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात वाफेच्या इस्त्रीपुढे उभी असते. दिवसभर लोकांच्या कोटांना वाफ देता देता स्वतःच वाफवून निघते. तिला तिथून सुटायचं होतं. दुकानाच्या समोरच, रस्त्यापलीकडे एक कॅफे आहे, आणि तिथल्या मालकीणबाईंना थंड पेयांचं काउंटर सांभाळायला कोणीतरी हवं होतं. कोर्स करून आलेली माणसं त्यांना नको होती, कारण ती ग्लासावर कागदी छत्री लावतात आणि आत काय घातलंय ते विसरतात. ज्याचं स्वतःचं असं एक तरी पेय आहे, असा माणूस त्यांना हवा होता. शिवाय बाईंचा नियम असा, की ज्याचं स्वयंपाकघर बघितलं नाही त्याच्या हातचं त्या विकत नाहीत. म्हणून रविवारी दुपारी त्या ताईच्या घरी येऊन चाखणार होत्या. आवडलं तर काउंटर ताईचं. नाही आवडलं तर पुन्हा कोट.

पेय ताईचं स्वतःचं होतं. साखर करपायच्या जरा अलीकडे आणून तिचा तपकिरी पाक करायचा, त्यात व्हॅनिला. उंच ग्लासात पाक, त्यावर बर्फ, मग गार सोडा ग्लासाच्या कडेने, आवाज न करता. आणि सगळ्यात शेवटी पातळ कस्टर्ड मिसळलेलं क्रीम, चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडलेलं. ते आधी वर तरंगतं, मग त्याचे पांढरे धागे खाली पाकात उतरत जातात. ढवळायचं नाही. पिणाऱ्याला पांढरी मिशी येते आणि त्याचं बोलणं बंद होतं. मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा ग्लास संपेपर्यंत कोणालाही नावं ठेवली नाहीत. ताईने तेवढ्यावरूनच ओळखलं, की जमलं.

भाऊजी प्यायले, ओठ पुसले आणि म्हणाले की चव बरी आहे, पण सिस्टीम उलटी आहे. गॅस आधी आणि माल नंतर, असं कुठे असतं का? गॅस निम्मा वाटेतच उडाला. ताईने समजावून सांगितलं, की क्रीममध्ये गॅस मारला तर नुसता फेस होईल. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, आग लागल्यावर बादली शोधणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. मग ते प्रेशर या विषयावर बोलले. ताई भांडी घासेपर्यंत बोलले, आणि भांडी संपल्यावर भिंतीशी बोलले.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेल्यावर त्यांनी तिच्या छोट्या सोडा मशीनच्या बाटलीत पाणी, पाक, कस्टर्ड, क्रीम असं सगळं एकदम भरलं आणि बटण दाबलं. त्या मशीनवर ठळक अक्षरांत लिहिलंय, फक्त पाणी. असल्या सूचना अडाणी लोकांसाठी असतात, असं भाऊजींचं मत. मशीनला एक उचकी लागली, आणि फेस मशीनच्या आत, मशीनच्या बाहेर, टोस्टरच्या खाचांत आणि सासूबाईंच्या चष्म्यावर गेला. सासूबाई म्हणजे ताईच्या, भाऊजींच्या आई. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, की लहानपणापासून याचं डोकं असंच चालतं. आणि त्या हे कौतुकाने म्हणाल्या, हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुमचा गैरसमज व्हायचा.

दुसरा कोणी असता तर त्याने कानाला खडा लावला असता. भाऊजींनी निष्कर्ष काढला, की मशीन दुबळं आहे.

ताई घरी आली, तिने टोस्टर उलटा करून निथळत ठेवला आणि नवऱ्याकडून एकच वचन घेतलं: रविवारी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. भाऊजींनी आईची शपथ घेऊन ते दिलं, आईच्या समोरच. आणि ते पाळलंही, शब्दाला पक्के आहेत ते. जे काय केलं ते सगळं बाल्कनीत केलं.

रविवारी मी ग्लास पुसायला मदत करावी म्हणून गेले, तेव्हा ताई नुकतीच आंघोळ करून, केस बांधून आली होती. तिने फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली. सकाळी करून ठेवलेलं क्रीमचं पातेलं जागेवर होतं. क्रीम नव्हतं. पातेलं इतकं स्वच्छ निपटलेलं होतं, की चोर संसारी असणार हे उघड होतं. पाकाची बाटली अर्ध्यावर आली होती. फ्रिजच्या पार मागे, दह्याआड, माझ्यासाठी वाटीभर क्रीम झाकून ठेवलेलं होतं, तेवढं वाचलं. त्यात एक ग्लास होईल. दुसरा होणार नाही.

एवढ्यात भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. आत पाऊल टाकलं नाही. त्यांच्या कुशीत, तान्हं बाळ धरावं तसं, कोरं करकरीत लाल सिलिंडर होतं. पावडर त्यात कधी गेलीच नव्हती, वर्कशॉपमधून नवंच आणलं होतं, तीन वेळा उकळत्या पाण्याने धुतलं होतं, असं ते अभिमानाने म्हणाले. त्याला घड्याळासारखा काटा होता आणि तो हिरव्यात होता. पिन होती, सील होतं. लेबलवर आजची तारीख, सही, आणि पुढल्या तपासणीला थेट पुढचं वर्ष.

"अहो, त्यात काय आहे?" ताईने विचारलं.

"तुझाच माल आहे. आईने आतून आणून दिला. मी फक्त प्रेशर दिलंय."

वर त्यांनी बिस्किटांचा चुराही घातला होता, कारण हल्ली लोकांना कुरकुरीत लागतं. ताईने वाचलेली वाटी दोन्ही हातांनी झाकून धरली. मी भाऊजींना म्हटलं, की हे नळकांडं घेऊन जरा फिरून या, दोन-चार तास. तेवढ्यात बेल वाजली.

कॅफेवाल्या बाई बुटक्या, शांत, पांढऱ्याशुभ्र शर्टातल्या. आल्या आल्या त्यांनी सिंकखाली वाकून बघितलं, एक ड्रॉवर ओढला, फळीवरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरलं. बोट स्वच्छ निघालं. ताईचा जीव जरा भांड्यात पडला. बाई बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसल्या, आणि तिथे भाऊजींचं राज्य सुरू झालं, कारण वचन फक्त स्वयंपाकघराचं होतं.

त्यांनी सिलिंडर टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि बोलायला लागले. सुरुवातीला ते "आमची कल्पना" असं म्हणत होते. प्रेशरपर्यंत पोचता पोचता ती "माझी कल्पना" झाली. नळीतून थेट ग्लासात सर्व्हिस द्यायची, चमच्याबिमच्याचा खेळ नको, एका भरण्यात अख्खी दुपार निघेल, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर बसून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, वाटी हातात घट्ट धरून. इतके रविवार जिने पाक करपवून आणि टाकून आणि पुन्हा करून घालवले, ती आपल्याच घरात वाढपी झाली होती.

बाईंनी मध्येच विचारलं, "म्हणजे पेय नक्की कोणाचं?"

"माझंच म्हणा," भाऊजी म्हणाले. "ही असते मदतीला."

ताई वळली आणि आत गेली. मला वाटलं रडायला गेली. मी मागे जाणार होते, पण भाऊजींनी पिन उपसली होती, आणि पिन उपसलेल्या सिलिंडरासमोर नात्यागोत्याचं भान राहत नाही.

त्यांनी नळी ग्लासात धरली आणि दांडा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजली, बस्स. बिस्किटाने नळीचं तोंड बंद केलं होतं, हे माझ्या लक्षात आलं, सासूबाईंच्या लक्षात आलं, मला वाटतं खिडकीतल्या कबुतराच्याही लक्षात आलं. भाऊजींनी मात्र धंद्यातल्या शांत आवाजात बाईंना समजावलं, की पावडर तळाला बसते, मग सिलिंडर उलटं करून हलवायचं असतं. पावडर, असंच म्हणाले ते. मग त्यांनी क्रीम आणि गॅस भरलेलं ते सिलिंडर उलटं केलं आणि चांगलं दणादण हलवलं. आत काय फेटलं जातंय हे घरात जिला माहीत होतं, ती स्वयंपाकघरात होती.

बाईंनी विचारलं, हे धोक्याचं तर नाही ना? भाऊजी मनापासून हसले. अख्खी इस्पितळं माझ्या भरवशावर झोपतात, असं म्हणाले आणि त्यांनी दांडा दाबला.

आधी बिस्किट सुटलं. ते भिंतीवरच्या आरशाला लागून परत आलं. मग क्रीम आलं. नळी भाऊजींच्या हातातून निसटली आणि शेपटीवर पाय पडलेल्या जनावरासारखी चहूकडे फिरू लागली. टेबल, पडदा, भाऊजी, बाई, पुन्हा भाऊजी, आणि मग छत. पंखा चालू होता. पंख्याचं मी आणखी काही सांगत नाही.

भाऊजींनी दांडा सोडला, पण झडप काही मिटेना. झडपेत बारीक कण अडकला की ती मिटत नाही, हे वाक्य ते वर्कशॉपमध्ये नव्या माणसांना रोज ऐकवतात. आता ते सिलिंडर छातीशी कवटाळून बाल्कनीकडे धावले, आणि जाता जाता पॅसेजची उजवी भिंत रंगवली. अर्ध्यातून ते काहीतरी विसरल्यासारखे परत आले, म्हणून डावीही झाली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी गालावरचं बोटाने निपटून चाखलं आणि म्हणाल्या, जरा गोड कमी आहे.

मग सिलिंडरातला जोर संपला. छतावरून थेंब पडायचा तेवढाच आवाज. बाईंचा शर्ट मुळात पांढरा होता म्हणून त्याचं विशेष काही दिसलं नाही. भुवया मात्र पांढऱ्या झाल्या होत्या, आणि केसांत बिस्किट होतं. मी पंखा बंद केला, तेवढंच मला सुचलं. बाईंनी चष्मा काढला, टेबलक्लॉथच्या खालच्या कोरड्या बाजूला पुसला, पुन्हा लावला आणि अगदी हळू विचारलं, "हे कोणी केलं?"

"रेसिपी हिचीच आहे," भाऊजी म्हणाले. क्षणभरही अडखळले नाहीत. लाज नावाची चीज त्यांच्या घरात होती, पण ती सगळी त्यांच्या बायकोच्या वाट्याला आली होती.

बाई उठल्या. पर्स शोधायला लागल्या. ताईचं काउंटर माझ्या डोळ्यांदेखत दाराकडे निघालं होतं.

तेवढ्यात ताई बाहेर आली. ती रडत नव्हती. एवढा सगळा वेळ ती दाराकडे पाठ करून ओट्याशी उभी होती, कारण वाटीभर क्रीम अंगाने झाकून ग्लास भरायचा होता. तिच्या पाठीवर पॅसेजमधून उडालेल्या क्रीमचा एक लांबच लांब पट्टा उमटला होता. ग्लासावर एक शिंतोडा नव्हता. खाली तपकिरी पाक, वर बर्फ, आणि क्रीमचे धागे नुकते उतरायला लागलेले. तिने तो बाईंसमोर ठेवला आणि म्हणाली, निदान चव तरी घेऊन जा.

बाईंनी उभ्यानेच एक घोट घेतला, बहुधा दमल्यामुळे. मग बसल्या. क्रीमने माखलेल्या खुर्चीवर बसलो हे त्यांना कळलंच नसावं. दुसरा घोट घेतला. मिशी आली, पण बाकीच्या चेहऱ्यात ती मिसळून गेली. अर्धा ग्लास होईपर्यंत त्या गप्प होत्या.

"आणि हे?" बाईंनी विचारलं. "हे कोणाचं?"

भाऊजींचा चेहरा उजळला. सिलिंडर अजून कुशीतच होतं, आणि ते अधूनमधून फसफसत होतं. त्यांनी "आम्ही" म्हणायला तोंड उघडलं.

"हे मी केलंय," ताई म्हणाली. "छतावरचं यांचं."

बाईंनी छताकडे बघितलं. मग भाऊजींकडे बघितलं, बराच वेळ. मग ग्लास संपवला, तळाचा पाक चमच्याने काढून घेतला आणि केसांतलं बिस्किट काढून बशीत ठेवलं.

"उद्या सकाळी या," त्या ताईला म्हणाल्या. "एकट्या."

ताईने नुसती मान हलवली. तिला बोलता येत नव्हतं. भाऊजींना मात्र येत होतं. त्यांनी विचारलं, की मी हिला सोडायला आलो तर चालेल ना, आणि सिस्टीमबद्दल दोन गोष्टी सुचवायच्या होत्या त्या...

"रस्त्याच्या पलीकडल्या बाजूपर्यंतच या," बाई म्हणाल्या.

भाऊजींनी गंभीरपणे मान डोलावली आणि सुरक्षित अंतर कसं मोजायचं असतं ते बाईंना समजावून सांगू लागले. बाई जिना उतरत होत्या, तरी सांगत होते.