किसनसिंगचं नाक

किसनसिंगने लोखंडी देगेच्या झाकणाशी नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. कडेचं पॅकिंग सुटून वाफ निसटत होती.

आत सलईच्या लाकडाचे तुकडे अर्ध्या स्पिरिटात, अर्ध्या पाण्यात शिजत होते. लाकडातला चिकटा विरघळावा आणि कागदासाठी नुसता लगदा उरावा, म्हणून साहेबांनी झरीच्या जंगलाकाठी हे पत्र्याचं शेड मांडलं होतं. स्पिरिटचा वास तिथे बाराही महिने. त्यातून गरम, निसटता वास वेगळा काढायला मोहाची भट्टी लावलेलाच माणूस लागतो. म्हणून तर तांड्यावरच्या किसनसिंगला ही नोकरी.

जाळ शेडच्या बाहेर, वाफ नळातून यायची. निसटलेली वाफ ठिणगीने भडकते, म्हणून आत ठिणगी न्यायला सक्त मनाई. पण मुकादम बाबाराव मनाई पाळील तर शपथ! जळती बिडी ओठात धरून तो दारात थांबे आणि विचारे, "काय किसनसिंग, वास?" नाही म्हटलं की बिडीसकट आत.

आज किसनसिंग नाहीच म्हणणार होता आणि मागच्या दाराने निघून जाणार होता.

दारूबंदी लागली त्या साली बाबारावाने फुकट बाटली मागितली होती, याने दिली नव्हती. तिसऱ्या दिवशी भट्टीवर धाड पडली. यवतमाळच्या जेलात सहा महिने दगड फोडताना किसनसिंगच्या तोंडी एकच नाव होतं. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात; त्याला तो आवाज ऐकायचा होता.

एवढ्यात मागच्या दारातून त्याची बायको भुरीबाई भाकर घेऊन आली.

"जाय इथून. लवकर."

"काहून?"

"झाकण सुटलं. बाबाराव बिडी घेऊन येऊन राह्यला. मले जेलात धाडलं त्यानं. भोगू दे आता."

भुरीबाई हलली नाही. तिने भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं.

"त्यानं नाही धाडलं. जमादाराले म्या सांगतलं, बजारात."

"तू?"

तिने हातावरचा पदर सारला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी आक्रसलेली. भट्टीवरचं उकळतं पाणी किसनसिंगनेच नशेत तिच्यावर फेकलं होतं. शुद्धीवर आल्यावर हाताचं काय झालं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"माह्यावालं तवाच वसूल झालं," ती म्हणाली. "त्याच्यावर कायले काढता?"

चार वर्षं पोसलेला राग किसनसिंगच्या अंगात जागच्या जागी वळला. आता समोर हीच होती, आणि पळतही नव्हती.

दारात बिडीचा धूर आला.

"काय किसनसिंग, वास?"

एक 'नाही' पुरलं असतं. बाबाराव आणि ही, दोघंही एकदमच गेले असते. किसनसिंगने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे बघत होती, भीक मागत नव्हती.

"हाय!" तो ओरडला. "बिडी इझवा! मांगं सरा!"

शिव्या देत बाबाराव पळाला. किसनसिंगने धावत जाऊन वाफेचा नळ बंद केला. मग तो भुरीबाईजवळ परत आला.

"भुरी, हात..."

"भाकर खा," ती म्हणाली आणि मागच्या दाराने निघून गेली.