हळद लावलेली जीप

“बाई, जुनी गाडी घ्यायची तर रंगाला भुलू नये. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढावं, पाणी बघावं. पिवळं निघालं की भाव पाडावा.”

रुद्राणीचे वडील ड्रायव्हर होते. आता ते नाहीत. त्यांचं हे सांगणं तिनं माझ्याजवळ बसून इतक्यांदा घोकलं, की मलाही पाठ झालं.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामांवर मी सरकारी साहेबांना नेत होते. तेव्हा मला रोज धूतपुसत. पुढे लिलावात मी साहेबराव ठेकेदाराकडे आले. त्यानं मला पाण्यावाचून पळवलं आणि रेडिएटरला चीर पडली.

लातूर नवा जिल्हा झाला. कचेरीच्या कामाला अहमदपूरची माणसं रोज तिकडे जाऊ लागली, जीपांना मागणी आली. त्यातच पावसानं दगा दिला. चारा नाही म्हणून विरूपाक्षअप्पानं बैलजोडी विकली आणि तो मला बघायला आला. सोबत बायको, रुद्राणी. दिवस सोमवारचा. सोमवारी ती दिवेलागणीपर्यंत मौन पाळायची.

चीर बुजावी म्हणून साहेबरावानं पहाटेच माझ्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली होती. रुद्राणीनं झाकण काढून बोट बुडवलं. ते पिवळं बोट तिनं नवऱ्यापुढं धरलं, त्याची बाही ओढली.

“वा वहिनी! घरात यायच्या आधीच नवरीला हळद लावली!” साहेबराव हसला. “लई शुभ हाय, अप्पा.”

अप्पाही हसला. बैलबाजारात करतात तसे दोघांनी उपरण्याखाली हात घातले, बोटं दाबली. धडधाकट गाडीचा भाव ठरला. रुद्राणीच्या ओठांवर आलेला शब्द तिथंच राहिला.

आठवड्यात हळद धुऊन गेली. मग मी दर खेपेला घागरभर पाणी पिऊ लागले. टँकरपुढं उभं राहून रुद्राणीनं आणलेलं पाणी!

“हेच बैलाला पाजलं असतं तर शेणतरी पडलं असतं,” सासू केवळाबाई म्हणायची.

काय खोटं होतं त्यात?

मित्रांनो, जुन्या गाडीचा भाव तिच्या दुखण्यासकट सांगावा. झाकलेलं दुखणं शेवटी कुणाच्यातरी घागरीतून वसूल होतं.

एका संध्याकाळी दिवा लावून रुद्राणी माझ्याजवळ आली. बोनेटवर हात ठेवून हळूच म्हणाली, “पुन्हा कुणी हळद टाकली तर मी बोलन. सोमवार असला तरी. महादेवाची आण.”

आता अप्पानं मला विकायला काढलंय. आज वस्तीवरचा भीमा मला बघायला येणार आहे. बायको पंचशीलाच्या पाटल्या मोडून त्यानं पैसे उभे केलेत. सकाळीच अप्पानं हळदीचा डबा आणला आणि माझ्यात रिकामा केला. रुद्राणी दारात उभी राहून बघत होती.

“बघतीस काय?” अप्पा म्हणाला. “सोमवार हाय म्हणूनच त्याला आज बोलावलंय.”

रुद्राणीनं कपाळाला विभूती लावली. डोईवर पदर घेतला आणि भीमाच्या वस्तीची वाट धरली.