इशारा खालच्या बाजूला

बाबा स्टुलावरून पडले ते रविवारी सकाळी, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चार मिनिटं पुढे सरकवताना. दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी चार मिनिटं सोडून दिली असती. माझे बाबा तीस वर्षं वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. ते रस्त्याच्या टोकाला दिसले तरी दुकानदार तराजू पुसायला लागत. निवृत्तीनंतर तपासायला घरातलं सामान उरलं, आणि घरातली माणसं.

डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्याआल्या त्यांनी उजव्या हाताने कागद ओढला आणि स्टूल बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध ग्राहक मंचाकडे तक्रार लिहून काढली.

त्याच कंपनीत मी नोकरी करते. स्टूल मीच सवलतीत आणलं होतं. घडीच्या खुर्च्या, टेबलं, स्टुलं यांच्याबरोबर जे सूचनांचे कागद आणि इशारे जातात ते मी लिहिते. 'लहान मुलांना बिजागरीत बोटे घालू देऊ नये' हे माझं. 'टेबलाचा होडी म्हणून वापर करू नये' हेही माझंच, आणि त्यामागे एक खराखुरा माणूस आहे. अकरा वर्षं लिहितेय. कुणी वाचल्याचं अजून कानावर आलेलं नाही.

तक्रार गेली आणि घरात दोन पक्ष पडले.

"बाबा, स्टूल बसायला असतं," दादा म्हणाला. "आपण चढायचं, आपण पडायचं आणि वर कंपनीच्या नावाने बोंब मारायची? थोडी जबाबदारी आपली नको?"

"चढत कोण नाही रे? मागच्या महिन्यात बल्ब बदललास तो काय उडत जाऊन?"

दादाने विषय बदलला. "मग उद्या सुरीवरही लिहायचं का, कापते म्हणून?"

"सुरी कापते हे सुरीकडे बघून कळतं. या स्टुलाच्या कडेला पाय पडला की ते मिटतं, हे बघून कळतं का? सांग ना!"

"किती भरपाई मागितलीत?"

"एक पैसा नाही. लेखी माफी पाहिजे, आणि स्टुलावर इशारा पाहिजे, माणसाला दिसेल असा. त्या मालकाने तो कुठे लपवलाय माहितीये?"

मी ताटं पुसत होते. पुसून झालेलं ताट मी पुन्हा पुसायला घेतलं.

कारण तो मालकाने लपवलेला नव्हता. मी इशारा आधी बैठकीवरच, लाल अक्षरात लावला होता. मालकाने तो पाहून तोंड वाकडं केलं. "लोक यावर बसणार. बुडाखाली इशारा कोणाला आवडेल? शिवाय असं लिहिलेलं बघून घेणार कोण?" तेव्हा मीच पटकन म्हणाले, "मग बैठकीच्या खालच्या बाजूला लावू. असेलही आणि दिसणारही नाही." मालक म्हणाला, "शाब्बास!" अकरा वर्षांत मिळालेली ती एकुलती एक शाबासकी. त्या दिवशी मी हवेत तरंगत घरी आले होते. आता आठवलं की लाज वाटते.

सुनावणीच्या आधी मालकाने मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'इशारा ठळक, स्पष्ट आणि सहज दिसेल अशा जागी लावलेला आहे.' खाली सहीसाठी माझं नाव.

ठळक होता. स्पष्टही होता. 'सहज दिसेल'पाशी येऊन माझं पेन अडलं.

"सही कर," मालक म्हणाला. "नाहीतर एक तारखेपासून..." त्याला वाक्य पुरं करायची सवय नाही, ते समोरच्याने करायचं असतं. मी ते मनातल्या मनात केलं. या वयात इशारे लिहिणारीला दुसरं दार कोण उघडणार?

"मी तिथे येऊन तोंडीच सांगते," मी म्हणाले. तेवढीच चालढकल.

मालक खूश झाला. "बेस्ट! सख्खी मुलगी सांगतेय म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

मंचाची खोली लहान होती. अध्यक्षबाईंच्या टेबलासमोर पुरावा म्हणून आमचं स्टूल चार पाय पसरून ऐटीत उभं होतं. कंपनीच्या वकिलांनी घसा साफ केला.

"आजोबा, स्टुलावर इशारा आहे. तुम्ही तो वाचला होता का?"

"हो," बाबा म्हणाले.

वकिलांचा चेहरा असा खुलला की मालकही खुर्चीत पुढे सरकला. "काय लिहिलंय, सांगता येईल?"

"'या स्टुलावर उभे राहू नये. कडेला भार दिल्यास स्टूल मिटू शकते.' बिनचूक भाषा आहे."

"म्हणजे सगळं वाचून, समजून तुम्ही चढलात!"

"छे! पडल्यावर वाचला. मी जमिनीवर आडवा, स्टूल शेजारी उलटं, अक्षरं बरोबर नाकासमोर. मुलगा उठवायला येईपर्यंत दोनदा वाचून झाला."

कारकून हसला आणि लगेच खोकला. अध्यक्षबाईंनी इशारा दाखवायला सांगितलं. वकील वाकले, मान वळवली, मग गुडघे टेकले आणि शेवटी टाय खांद्यावर टाकून टेबलाखालच्या मांजरासारखे वर बघू लागले. "इथेच आहे, मॅडम. अगदी सहज... एक मिनिट हं."

"हा इशारा लिहिला कोणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी उठले.

"आणि जागा? ती कोणी ठरवली?"

मालकाकडे बोट दाखवणं सोपं होतं. 'सहज दिसते' म्हणणं त्याहून सोपं. मालक माझ्याकडे बघत होता, आणि बाबा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, ओळखीच्या दुकानदाराची वजनं तपासावीत तसे माझ्याकडे बघत होते.

"मी," मी म्हणाले. "वर लावला तर दिसतो, म्हणून खाली लावला. मालकांना आवडलं."

मालकाने कपाळाला हात लावला. बाबांच्या तोंडावरचा रंग उतरला. आता हे माझ्यासाठी तक्रार मागे घेणार, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

बाबा उभे राहिले. "अध्यक्षबाई, माझी तक्रार कायम आहे. आणि नोंदीत हिचंही नाव लिहून घ्या." एवढं बोलून खाली बसले.

परत येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. उतरायच्या आधीच्या थांब्यावर म्हणाले, "पण लिहितेस चांगलं. एक शब्द जास्त नाही की कमी नाही. मी पहिल्यांदाच वाचलं तुझं."

मी मान वळवून डोळे पुसले.

निकाल आमच्या बाजूने लागला, म्हणजे माझ्या विरुद्ध. मालकाने मला काढलं नाही, कारण लेखी माफी लिहायची होती आणि कंपनीत दुसऱ्या कुणाला धड चार ओळी लिहिता येत नाहीत. मी माझ्या वडिलांची कंपनीच्या वतीने माफी मागितली. त्यांनी ती भिंगातून वाचली आणि तारीख चुकली म्हणून परत पाठवली. शिवाय गोदामातल्या बाराशे स्टुलांवर नवे इशारे स्वतःच्या हाताने चिकटवायचे, ही माझी शिक्षा. आठ दिवस माझ्या बोटांचा डिंक सुटला नाही.

त्यातलं एक स्टूल घरी आलं. बैठकीवर मधोमध, लाल, आंधळ्यालाही बोचेल एवढा इशारा. प्लास्टर निघालं होतं, रविवार होता आणि घड्याळ तीन मिनिटं मागे होतं.

बाबांनी इशारा मोठ्याने वाचला. मान डोलावली. मग चपला काढल्या, धुतलेला टॉवेल आणला आणि दोन घड्या करून त्या इशाऱ्यावर नीट पसरला.

"बाबा! हे काय करताय?"

"तू लिहिलेलं आहे. त्यावर पाय कसा देऊ?" असं म्हणून त्यांनी पाय उचलला.

मी धावत जाऊन दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. "कडेला भार देऊ नका हं!"

"वाचलंय मी," बाबा वरून म्हणाले आणि काटा पुढे सरकवू लागले.