एकाच हाताच्या बाह्या

कारखाना बंद होणार हे सगळ्यांना इतकं आधीपासून माहीत होतं, की शेवटच्या दिवशी रडायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शिलाईचा हॉल निम्म्याहून रिकामा. बऱ्याच मशिनी केव्हाच उचलून नेल्या होत्या, जमिनीवर त्यांच्या पायांचे डाग तेवढे उरले होते. हॉस्पिटलच्या कोटांची एक ऑर्डर राहिली होती, ती उरकायची आणि घरी जायचं. मास्तरांना वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं काहीतरी झालं होतं त्यांचं.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. कापड थरावर थर अंथरायचं, वर फर्मा ठेवून खडूने आखायचं आणि मशीन फिरवायचं, यातच जन्म गेला. पलीकडे इस्त्रीच्या खोलीत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. केस पिकले, दाढा गेल्या, लेकीचं लग्न झालं, तरी अख्ख्या कारखान्यात हा आपला 'धाकटा'च. काल कामाला लागलेल्या पोरीही 'अहो धाकटे' म्हणून हाक मारायच्या आणि हा त्यांच्या बापाच्या वयाचा माणूस निमूट ओ द्यायचा.

तर हा धाकटा उद्या सकाळी लेकीकडे चालला होता, लांब, कायमचा. म्हणून मास्तरांना आजच्या आज त्याला एक गोष्ट विचारायची होती. याला इथे चिकटवलं ते त्यांनीच. तेव्हा मास्तर स्वतःच नोकरी सोडायला निघाले होते. दुकानाचा गाळा बघून ठेवला होता, भागीदार तयार होता, पाटीवर काय लिहायचं तेसुद्धा ठरलं होतं. आणि आई म्हणाली, "धाकट्याचं कुठेच जमत नाहीये रे. तुझ्याजवळ घे त्याला. तू असलास तरच टिकेल तो." झालं. मास्तरांनी गाळ्याचा नाद सोडला, मालकाकडे शब्द टाकला आणि भावाच्या हाती इस्त्री दिली. भिंतींनाही घाम फुटावा अशी ती वाफेची खोली. तिथे त्याला कसं वाटतं, हे विचारायचं राहूनच गेलं. आता त्याने एकदा म्हणावं, दादा, बरं केलंस. एवढं म्हणाला तर गेलेलं दुकान सत्कारणी लागलं असं धरून चालता येईल. नाही म्हणाला तर दोन जन्म फुकट गेले.

हा भुंगा डोक्यात घेऊनच मास्तरांनी बाह्यांचं कापड अंथरलं आणि कापलं.

थोड्या वेळाने धाकटा दारात आला. शिलाईच्या बाईंनी त्याच्या हाती बाह्यांचा गठ्ठा परत पाठवला होता.

"दादा, या सगळ्या डाव्या आहेत."

मास्तरांनी गठ्ठा उलगडून पाहिला. बाहीचा फर्मा एकच असतो. कापडाचा एक थर सुलटा, एक उलटा असा घातला की आपोआप जोडी निघते, एक डावी, एक उजवी. मास्तरांनी सगळे थर सुलटेच घातले होते. शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात ही चूक करतो आणि पुढे जन्मभर तिला भिऊन असतो. मास्तर तर झोपेतसुद्धा भ्यायले होते. तागा संपला होता आणि नवा येणार नव्हता.

ते मॅनेजरकडे गेले. मॅनेजर खोक्यात आपल्या टेबलावरचं सामान भरत होता. "राहू द्या हो मास्तर," तो म्हणाला. "कळवतो त्यांना, ऑर्डर रद्द. कोण विचारतंय आता." मास्तरांना वाटलं, मेल्याने निदान एक शिवी तरी घालायची.

परत आले तर धाकटा कटिंगच्या टेबलावर बसला होता. त्या टेबलावर बसायची कुणाची टाप नव्हती आजवर. मास्तरही शेजारी टेकले.

"तुला इथे आणलं, ते मनाविरुद्ध झालं का रे तुझ्या?"

"आता विचारतोयस होय?" धाकटा हसला.

"आता तरी सांग."

"रस्ते मोजणाऱ्या पथकात माझी निवड झाली होती. गावोगाव हिंडायचं, तंबूत राहायचं. बोलावणंही आलं होतं."

"पण तुझं तर कुठेच जमत नव्हतं ना?"

"कोण म्हणालं?"

मास्तरांनी गठ्ठ्यातली एक बाही उचलून तिची घडी घातली.

"आईने अडवलं," धाकटा म्हणाला. "दादा फार एकटा पडलाय म्हणाली. कुणाशी बोलत नाही, धड जेवत नाही. तू जवळ असलास तर त्याचं मन लागेल. म्हटलं, रस्ते काय, कुणीही मोजेल."

आई जाऊन आता किती काळ लोटला होता. दोन्ही पोरं संध्याकाळी एका पंगतीला जेवायला हवी होती तिला, बस. तेवढं तिने बरोबर साधलं. मास्तरांनी संताप येतोय का याची वाट पाहिली. आला नाही. समोरच्या भिंतीवर घड्याळ काढून नेल्याची खूण होती, तिच्याकडे ते बघत राहिले.

"उभं राहून राहून पाय गेले माझे," धाकटा म्हणाला. "ते जाऊ दे. तू मला एवढंच सांग, उपयोग झाला ना माझा? सोबत झाली ना तुला?" तो वळून थेट मास्तरांच्या तोंडाकडे बघत होता. हे विचारायचं त्यानेही कधीचं ठरवून ठेवलेलं दिसत होतं.

मास्तरांच्या जिभेवर गाळा आला, भागीदार आला, पाटी आली. त्यांनी ते सगळं गिळलं.

"झाली की," ते म्हणाले. "तू नसतास तर मी केव्हाच सोडून गेलो असतो."

धाकट्याने मान हलवली. "मग ठीक आहे," असं म्हणून तो टेबलावरून खाली उतरला.