शालीपर्यंतची वाट

रंगीमारी संग्रहालयात आली ती भांडायच्या तयारीनंच. पिशवीत गावच्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं होतं. मेलेल्यांना भेटून बाहेर पडताना हातांवर पाणी घ्यायचं असतं, आणि शहरातल्यांना एवढं कुठलं सुचायला!

मागे ती आणि तिची बहीण हुहाना इथे आल्या होत्या, त्यांच्या आजीनं विणलेली शाल बघायला. तर शालीच्या काचेला लागूनच चहाचं दुकान! पूर्वजांच्या नाकासमोर लोक पॅटिस खात बसलेले. माओरी माणसाला पूर्वजांची वस्तू म्हणजे पूर्वजच, आणि जेवण आणि मेलेली माणसं तो कधी जवळ आणत नाही. दोघी दारातूनच परतल्या. पुढे हुहाना वारली. शाल बघायची राहूनच गेली.

"आजी, इमारत नवी बांधलीय," नात मिरियामा म्हणाली. "चल तरी."

"नवी म्हणजे दुकान मोठं केलं असेल."

दारात थांबून म्हातारीनं नाक वर करून हुंगलं. कसलाच वास नाही.

"खाणं अंगणापलीकडे नेलंय," मिरियामा हसली.

"हं. आणि दार एवढं बुटकं? पैसे संपले वाटतं!"

पण आत शिरताना मान आपसूक खाली गेली, गावच्या सभाघरात जाते तशीच. पुढे वाट वळत वळत अंधारत गेली. पायांखाली लाकूड आलं, रस्त्याचा गोंगाट मागे राहिला. आणखी काही खुसपट काढायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं.

वाट संपली तिथे शाल होती, आणि समोर बुटका बाक. बसलं की किनार बरोबर डोळ्यांसमोर. एका जागी टाके फार घट्ट होते. आजी चिडली की तिचा हात असाच आवळायचा.

"आले गं," रंगीमारी म्हणाली. "उशीर झाला. हुहानाही आलीये असंच समज." मग ती मोठ्यानं रडली. त्या खोलीत तिला लाज वाटली नाही.

बाहेरच्या दाराशी तिनं बाटली काढली आणि थबकली. भिंतीतून दगडी कुंडीत पाणी पडत होतं.

"हे कुणी केलं?"

"बांधणाऱ्यांनी आपल्याच म्हाताऱ्यांना विचारलं होतं. तुलाही बोलावलं होतं, तू फणकाऱ्यानं गेली नाहीस."

"माझ्यावाचूनही नीट केलं की!" तिनं कुंडीच्या दगडावरून हात फिरवला. "भलं होवो त्यांचं. केवढे उपकार केले गं."

आधी तिनं बाटलीतलं पाणी कुंडीत ओतलं, हुहानाच्या हातांसाठी. मग आपले हात धुतले.

"चल, भूक लागली," ती म्हणाली. "आता पॅटिस खाऊ."