सोनूबाईची मान

जालन्याच्या त्या दवाखान्यात भार्गवीला तिच्या पाठीमागे सगळे फूटपट्टी म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही येत नसे. एकवीस वर्षं एक्स-रे काढणाऱ्या बाईला लोकांनी याहून बरं नाव काय द्यावं? मापात तिची चूक होत नाही असा तिचा लौकिक होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला थोडा तोराही होता.

सोनूबाईचं माप तिनंच घेतलं होतं. सोनूबाई तीर्थपुरीची, अठ्ठेचाळीस वर्षांची. संधिवातानं आधी तिची बोटं वाकडी केली आणि आता कवटी अन् मान यांच्यामधला सांधाच ढिला करून टाकला होता. हातातून भांडी निसटायची, चालताना तोल जायचा. उद्या सकाळी डॉक्टर अवधूत तिची कवटी मानेच्या मणक्यांना धातूच्या सळयांनी पक्की जोडणार होते. एकदा जोडली की डोकं ज्या कोनात बसवलं त्याच कोनात जन्मभर राहणार. म्हणून आधी माणसाला सरळ समोर बघायला लावून बाजूनं एक्स-रे काढायचा, कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून मानेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याच बेतानं सळया वाकवायच्या. भार्गवीनं मोजलं होतं. अठ्ठावीस मिलिमीटर.

साधारण एकवीस-बावीस असतं. अठ्ठावीस म्हणजे मान चांगलीच खाली झुकलेली. आजारानं झुकली असेल, असं डॉक्टर म्हणाले आणि तिलाही ते पटलं.

दुपारी ती कसल्याशा कागदावर सही घ्यायला बायकांच्या वॉर्डात गेली. सोनूबाई गळ्याला मऊ पट्टा बांधून खाटेवर बसली होती आणि परतूरहून सकाळीच आलेल्या धाकट्या बहिणीला, मीनाला, कपाशीच्या वेचणीबद्दल सांगत होती. नवरा कल्याण वेचणीमुळंच गावी अडकला होता. भार्गवी दारातच थबकली. बाईची हनुवटी सरळ होती, नजर बहिणीच्या तोंडावर होती. ही मान अठ्ठावीसची नव्हे, हे तिला मोजल्याशिवाय कळलं.

तेवढ्यात सोनूबाईचे थोरले दीर धर्मराज चहाचा थर्मास घेऊन आत आले. क्षणात पदर डोक्यावर गेला आणि मान छातीकडं झुकली.

"मीना, विचार तिला, चहा घेती का," धर्मराज म्हणाले. सोनूबाई त्यांच्यापासून दोन हातांवर बसली होती. मीनानं तिला विचारलं, तिनं मीनाला सांगितलं आणि मीनानं ते धर्मराजांना कळवलं. लग्न झाल्यापासून सव्वीस वर्षं दोघांचं बोलणं असंच कुणाच्या तरी तोंडून चाललं होतं. त्यात राग नव्हता, उलट घरात तिच्या दुखण्याची सगळ्यात जास्त काळजी याच माणसाला होती. रीत होती, एवढंच.

भार्गवीला कालचा एक्स-रे आठवला. काल मीना आलेली नव्हती. स्टुलावर बसवल्यावर सोनूबाईचा तोल जात होता, म्हणून भार्गवीनंच धर्मराजांच्या अंगावर शिशाचा जाड एप्रन चढवला होता. पडल्या तर धरा म्हणून त्यांना अगदी तिच्या पुढ्यात उभं केलं होतं. आणि मग जोरात हुकूम सोडला होता, समोर बघा. समोर थोरले दीर. ती बिचारी कशी बघणार होती समोर? जालन्यात जन्म गेलेल्या भार्गवीला हे सुचू नये, याची तिला मनापासून शरम वाटली.

एक्स-रे पुन्हा काढायला हवा असं तिनं जाऊन सांगितलं, तसे डॉक्टर अवधूत वैतागले. सगळी तयारी झाली होती, सळया आणि स्क्रूंची पेटी संभाजीनगरहून येऊन पोचली होती. शिवाय प्रत्येकाची मान निराळी असते आणि डोकं नीट बसलंय की नाही ते आपण टेबलावर बघूच, असं ते म्हणाले.

"टेबलावर त्या पालथ्या असतील सर, गुंगीत. तुम्ही जुळवणार ते माझ्याच आकड्याशी," भार्गवी म्हणाली. "आणि तो आकडा चुकलाय. चूक माझी आहे. दुसरा एक्स-रे काढल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

चूक माझी, हे फूटपट्टीच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि काढा म्हणाले.

धर्मराजांना समजावणं अवघड जाईल असं तिला वाटलं होतं. वॉर्डात परत येऊन तिनं त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला, हनुवटी छातीला टेकवायला लावली आणि तसंच प्यायला सांगितलं. दुसऱ्याच घोटाला त्यांना जोराचा ठसका लागला. कालच्या मापानं जोडलं तर सोनूबाईंना जन्मभर असं गिळावं लागेल, ती म्हणाली, श्वासही कोंडेल. आणि नीट जोडलं तर त्यांची मान पुन्हा कुणापुढं वाकणार नाही, तुमच्यापुढंही नाही.

धर्मराजांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मी भायेर थांबतो. माझ्यापायी तिचा घास अडकायला नको."

ते दाराकडं वळले, पण सगळं ऐकत असलेल्या सोनूबाईनं मीनाचा हात दाबला.

"त्यान्ला म्हणावं जाऊ नका," ती म्हणाली. "उद्यापासून त्यांच्यासमोर अशाच मानेनं वावरायचंय. आज भायेर धाडलं तर उद्या मीच लाजून मरंन. मंग आत्ताच सवय होऊ द्या. मला बी, अन् त्यान्ला बी."

एक्स-रेच्या खोलीत मीनानं शिशाचा एप्रन घालून बहिणीचे खांदे मागून धरले. धर्मराज दाराजवळच्या जाड काचेपलीकडं उभे राहिले, सोनूबाईच्या अगदी समोर. भार्गवीनं गळ्यातला पट्टा अलगद सोडला आणि बजावलं, मान कुणी उचलणार नाही, तुमची तुम्हीच न्यायची, दुखेल तिथं थांबायचं.

मान जागची हलेना. सव्वीस वर्षांची सवय होती ती. मग हनुवटी बोटभर वर आली आणि थांबली. भार्गवीचा हात बटणावर होता, पण घाई करायची नाही असं तिनं ठरवलं होतं. हनुवटी आणखी वर आली. सोनूबाईनं काचेतून धर्मराजांच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

भार्गवीनं बटण दाबलं. मग तीनदा मोजलं. साडेएकवीस.

ऑपरेशनला पाच तास लागले. चौथ्या दिवशी सोनूबाई खाटेवर टेकून बसली होती आणि मीना तिला चमच्यानं पेज भरवत होती. भार्गवीचं वॉर्डात काही काम नव्हतं, तरी ती आली होती. धर्मराज आत आले. सोनूबाईचा हात सवयीनं पदराकडं गेला, पदर डोक्यावर आला, पण मान होती तिथंच राहिली.

धर्मराज अवघडून स्वतःच्या चपलांकडं बघू लागले. मग त्यांनी मान वर केली.

"गिळतंय का नीट?"

मीना सवयीनं बहिणीकडं वळली, पण या वेळी त्यांनी मीनाला विचारलंच नव्हतं.

"गिळतंय, दादा," सोनूबाई त्यांच्याकडं बघत म्हणाली.